साखळी काढू नको

माणसावर विश्वास ठेवण्याची बुद्धी देवाने सगळ्यांना रांगेत उभं करून वाटली असेल, तर आमच्या साडूंचा नंबर आल्यावर त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली असणार, 'मलाच का देताय?' असं विचारलं असणार, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून गुपचूप परत ठेवून दिली असणार. दिल्लीच्या आसपास राहून मला आता बरीच वर्षं झाली. पुण्याहून नोकरीसाठी नोएडाला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरमालकाने, ब्रोकरने आणि समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन 'इधर किसी पे भरोसा मत करना' असं बजावलं होतं, आणि प्रत्येकाचा रोख उरलेल्या दोघांवर होता. तेव्हा संशय ही काही या भागातली दुर्मिळ चीज नाही. पण इतरांचा संशय कामापुरता असतो. गाडी लावताना, भाडेकरू ठेवताना, पनीर घेताना तो बाहेर काढायचा आणि मग घरी जाऊन सुखाने जेवायचं, अशी इथली रीत आहे. आमचे साडू जेवतानाही तो काढून ठेवत नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला मीही बायकोप्रमाणे ताईच म्हणतो. बायको त्यांना भावोजी म्हणते, मी साडूभाऊ म्हणतो, आणि ते मला काय म्हणतात हे आजूबाजूला कोण आहे त्यावर ठरतं. परक्यासमोर ते माझं नाव घेत नाहीत. 'नाव कशाला कळायला हवं त्याला?' असं म्हणतात. गाझियाबादला त्यांची सोसायटी आहे. इथल्या सगळ्या सोसायट्यांसारखीच तिच्या फाटकावरही गार्ड पाहुण्याला थांबवून मोबाइलवरून घरमालकाची परवानगी मागतो. एका होळीला त्यांनी आम्हाला पुरणपोळीला बोलावलं. बायको सकाळीच मदतीला गेली होती, मी दुपारी एकटा पोचलो. गार्डने फोन लावला आणि मला दिलगिरीने म्हणाला, 'साहब मना कर रहे हैं.' मी स्वतः फोन केला तर उचलला नाही. शेवटी साडू खाली आले, फाटकाच्या गजांतून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं होतं हे खरं आहे. पण आलेले तुम्हीच कशावरून?" त्या दिवशी माझा चेहरा आणि केस रंगाने माखलेले होते हे खरं, पण त्यांनी हा प्रश्न मला दिवाळीतही विचारला असता अशी माझी खात्री आहे.

भाजीवाल्याशी त्यांचं वैर आहे ते कोथिंबिरीवरून. इकडे भाजी घेतली की भाजीवाला चार मिरच्या आणि कोथिंबिरीची एक जुडी वरून फुकट टाकतो. अख्खी दिल्ली या फुकटच्या धनियावर जगते आणि तो दिला नाही तर भांडते. साडू तो दिला म्हणून भांडतात. कुणी आपणहून काही देतोय म्हणजे भेंडीत काहीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी कोथिंबीर परत केली, भेंडी परत केली आणि दुसऱ्या गाडीवरून दोन्ही घेतली. तो दुसरा पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला. टॅक्सीत बसले की ड्रायव्हरच्या फोनवर एक नकाशा चालू असतो आणि साडूंच्या मांडीवर दुसरा, आणि दोन्ही नकाशे एकच रस्ता दाखवायला लागले की त्यांना जास्त काळजी वाटते. कचेरीतही तसंच. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते नोकरीला आहेत. त्यांचा स्वभाव ओळखून वरिष्ठांनी त्यांना मोठ्या आशेने दक्षता विभागात नेमलं होतं. वर्षाच्या आत त्यांनी दक्षता विभागावरच नजर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची बदली ग्रंथालयात झाली. तिथे ते खूश आहेत, पण पुस्तक परत आलं की पानं मोजून घेतात.

असा हा माणूस ड्रम वाजवतो. ऐकणाऱ्याला ही माझी थाप वाटेल, पण साडूंनी तरुणपणी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवले आहेत आणि अजूनही वाजवतात. बँडचं नाव मी इथे देत नाही, कारण तशी मनाई आहे. ड्रमच का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या मते हा प्रश्न आजवर कुणीतरी विचारायलाच हवा होता, आणि उत्तर तयारच होतं. गाणारा पुढे उभा राहतो, त्याची पाठ उघडी. गिटारवाला मध्ये, त्याचीही पाठ उघडी. ड्रमवाला सगळ्यांच्या मागे बसतो, त्याच्यामागे फक्त पडदा असतो, आणि बँडमधला प्रत्येक माणूस कायम त्याच्या नजरेखाली राहतो. संगीताच्या आवडीतून नव्हे तर बैठकीच्या सोयीतून कलावंत झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि तरी वाजवतात मात्र झकास. डोळे किलकिले करून, प्रत्येक ठोक्याला जणू त्याचं ओळखपत्र तपासून.

बँड तिघांचा. तिघेही केंद्र सरकारी नोकरांची मुलं, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकमेकांच्या जिन्यांवर वाढलेली, घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी. त्यातला गाणारा, जो बेस गिटारही वाजवतो, आज गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत साहेब आहे. गिटार वाजवणारा मूळचा नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. तो आता फरीदाबादला असतो आणि त्याच्या घरातला हॉल ही बँडची तालमीची जागा आहे. कॉलेजात असताना दिल्लीतले सगळे बँड इंग्रजी गाणी वाजवत. साडूंना वाटलं की आपलं स्वतःचं एक गाणं हवं, तेही मराठीत, म्हणजे चोरणाऱ्याला निदान चोरल्यावर भाषांतराचा तरी त्रास होईल. पण लिहायला बसले तर शब्दच नाहीत. दिल्लीत वाढलेल्या मुलाकडे मराठी असते ती स्वयंपाकघराची आणि बोलणी खाण्याची. चंद्र, नदी, विरह वगैरे माल त्यांच्याकडे नव्हता. होती ती फक्त आईची बोलणी.

साडूंच्या आई, ज्यांना मी काकू म्हणतो, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. वडील कायम दौऱ्यावर. शाळा सुटली की साडू गळ्यात किल्ली घालून घरी येत, आतून साखळी लावत आणि संध्याकाळी आई येईपर्यंत एकटे राहत. धाकटी बहीण तेव्हा आजीकडे नागपूरला होती. नव्या शहरात मुलाला एकटं ठेवायचं म्हणून काकू रोज सकाळी निघताना सूचनांचा पाढा म्हणत, आणि मुलाने तो इतका पाठ केला की पुढे त्याचाच स्वभाव झाला आणि त्याचंच गाणं झालं. गाण्याचं नाव 'साखळी काढू नको'. शब्द असे आहेत:

कोण आहे, कोण आहे,
आधी विचार कोण आहे,
साखळी काढू नको.
गॅसवाला म्हणो, पोस्टमन म्हणो,
बाबांचा मित्र म्हणो,
साखळी काढू नको.

दुसऱ्या कडव्यात फोन वाजू दे, दूध उतू जाऊ दे, गॅलरीतून वाकू नको आणि अर्थातच साखळी काढू नको. तिसरं कडवं साडूंनी कुणाला दिलंच नाही. ते तयार आहे, पण अजून द्यायची वेळ आलेली नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं आणि पुढची तीस-एक वर्षं तेच सांगत राहिले. सगळं गाणं एकदम हातात दिलं तर ते पळवतील, असा त्यांना संशय होता. कोण पळवेल म्हणून विचारलं तर बँडमध्ये ते सोडून दोनच माणसं होती.

या गाण्याच्या नशिबी प्रेक्षक फारसे आलेच नाहीत. पहिल्यांदा ते कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये वाजलं. ऐकणाऱ्या पंजाबी, बंगाली, मल्याळी पोरांना एक अक्षर कळलं नाही, पण 'कोण आहे' हे सगळ्यांनी उचललं आणि मैदानभर ओरडत सुटले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये समोरच्या बँडचा एक मुलगा ते गुणगुणताना साडूंनी ऐकलं. दुसरा कुणी असता तर त्याला चहा पाजला असता. साडूंनी गाणं कार्यक्रमातून काढून टाकलं. दुसऱ्यांदा ते वाजलं गाणाऱ्याच्या लग्नात. मुलगी इथली पंजाबी. वरात वाजतगाजत बँक्वेट हॉलच्या दाराशी पोचली आणि मित्रप्रेमाचं भरतं येऊन गिटारवाल्याने नेमकं हेच गाणं सुरू केलं. मुलीच्या मोठ्या मामांनी कौतुकाने अर्थ विचारला. नवऱ्याकडच्या एका मराठी आत्याने तो प्रामाणिकपणे सांगितला, की तुम्ही कोण आहात ते आधी सांगा, ओळख दिलीत तरी आम्ही दार उघडणार नाही. दारात वरात उभी असताना हे ऐकून मामांचा चेहरा जो उतरला तो विदाईपर्यंत वर आला नाही. नवऱ्याने त्या दिवसापासून हे गाणं लोकांसमोर म्हटलं नाही, आणि साडूंचा असा समज झाला की त्याने तिसरं कडवं मिळत नाही म्हणून सूड उगवला.

तेव्हापासून गाणं उरलं ते साउंड चेकपुरतं. कार्यक्रमाच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक वाद्याचा आणि माइकचा आवाज नीट येतो ना ते वाजवून बघावं लागतं. या गाण्यात आधी ड्रम येतो, मग बेस, मग गिटार आणि शेवटी गळा, अशी एकेकाची हजेरी लागते, त्यामुळे ते त्या कामाला फार सोयीचं पडतं. नोकऱ्या, लग्नं, मुलं सांभाळून या तिघांनी जे काही थोडे कार्यक्रम केले, सोसायट्यांची दिवाळी म्हणा, महाराष्ट्र मंडळांचे मेळावे म्हणा, त्या प्रत्येकाआधी 'साखळी काढू नको' वाजलं. आणि ऐकायला होत्या फक्त खुर्च्या आणि सतरंज्या. लोक आत यायला लागले की बंद. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचायची वेळच आली नाही. साडू मात्र हे सगळं गाणाऱ्याचं कारस्थान समजत. गुरुग्रामची माणसं काचेच्या इमारतीत बसतात, त्यांना आतून बाहेरचं दिसतं आणि आपल्याला आतलं दिसत नाही, यावर त्यांचा विशेष रोष आहे.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या छातीने दगा दिला. दिल्लीची हिवाळी हवा कशी असते ते सांगायला नको. रात्रंदिवस खोकला, नाकाशी मशीन, शेवटी दवाखाना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पुढची थंडी यांनी इथे काढू नये, आणि खरं म्हणजे त्यानंतरचीही नाही. साडूंनी डॉक्टरांवर संशय घेतला आणि दुसऱ्याकडे गेले, मग तिसऱ्याकडे. हवेचा आकडा सांगणारी दोन-तीन ॲप्स फोनवर घेतली, ती सगळी खोटी ठरवली आणि खिडकी उघडून स्वतः हुंगून पाहिलं. मग त्यांनाच खोकला लागला. नागपूरची बहीण म्हणाली, आईला माझ्याकडे कायमची पाठव, तर आईच्या हातच्या लोणच्यासाठी ही खटपट चालली आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला. पण मनातून त्यांना कळलं होतं. गणपती झाले की काकू जाणार असं ठरलं. त्या काळात त्यांचा संशय इतका थकून गेला होता की मी गेलो तर फाटकावरून पहिल्या फोनला आत सोडत. मला ते बघवत नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी साडू आमच्याकडे नोएडाला आले, न सांगता. बायको बाजारात गेलेली. दार लावलं, पडदा सारखा केला आणि म्हणाले, की आईने ते गाणं कधीच ऐकलेलं नाही. मला खरंच वाटेना. पण कारण त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. काकू ते ऐकतील, स्वतःची वाक्यं ओळखतील आणि मुलाने चारचौघांत आपली चेष्टा मांडली असं समजतील, ही धास्ती. म्हणून तालीम कायम मित्राच्या घरी आणि घरात नुसतं 'ड्रम बडवायला जातो' एवढंच. आता मात्र तिने ते ऐकून जावं असं त्यांना वाटत होतं. एकदाच, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, शेवटपर्यंत. मी म्हटलं, घरीच म्हणून दाखवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दक्षता विभागाची आठवण झाली.

गाझियाबादच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जागा मिळवायला फार त्रास पडला नाही, कारण मंडळाच्या कार्यवाह बाईंना दोन कार्यक्रमांच्या मधली फट भरायला कुणीतरी हवंच होतं. मुलांची वेशभूषा संपल्यावर आणि महाप्रसाद सुरू होण्याआधी, अशी वेळ ठरली. एका गाण्याची. रॉक म्हणजे फार मोठ्याने नाही ना, अशी शंका त्यांनी विचारली आणि साडूंना त्या बाई पहिल्यांदाच समंजस वाटल्या. मग एका शनिवारी दुपारी फरीदाबादला तालीम झाली. मी साडूंना गाडीतून घेऊन गेलो होतो. गाणारा आला तोच म्हणाला, 'चलो यार, आता तरी तिसरं कडवं काढ.' साडूंनी घड्याळात पाहिलं, दरवाजाकडे पाहिलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी देतो म्हणाले. गिटारवाल्याने, जो फार बोलत नाही, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गिटार लावायला घेतली.

परतताना गाडीत साडूंनी मला सांगितलं की तिसरं कडवं नाहीच. कधीच नव्हतं. पहिल्या दोन कडव्यांत दार बंद आहे, म्हणजे तिसऱ्यात ते उघडायला हवं. रोज संध्याकाळी ते उघडलं जायचंच. आई बाहेरून काहीतरी बोलायची आणि मग ते साखळी काढायचे. पण ती काय बोलायची ते त्यांना आठवत नाही. किती प्रयत्न केला तरी फक्त पोटातली भीती गेल्याचं आठवतं, शब्द आठवत नाहीत. मग गाण्यासाठी त्यांनी चार-दोन वेळा स्वतःचे शब्द घालून पाहिले, पण ते वाचताना त्यांनाच वाटायचं की बाहेर आई नाही, आईचा आवाज काढणारा कुणीतरी आहे. मी विचारलं, की काकू तुमच्याच घरात शेजारच्या खोलीत असतात, त्यांनाच का नाही विचारत?

"विचारलं की ती आठवून नाही सांगणार, बरं दिसेल असं सांगेल," साडू म्हणाले. "साक्षीदाराला आधी प्रश्न कळला की साक्ष फुकट जाते."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आयुष्यभर प्रत्येकाला दाराबाहेर उभं करून ठेवणाऱ्या या माणसाला, दार ज्या एका आवाजाला उघडत होतं तोच आठवत नव्हता, आणि तो आवाज महिन्याभरात नागपूरला जाणार होता. घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिला सांगितल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट पूर्ण घडल्यासारखी वाटत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये एकच गोंधळ होता. स्टेजवर दोन शिवाजी महाराज आणि एक टोमॅटो बक्षिसावरून भांडत होते, आणि मागच्या दारातून मसालेभाताचा वास येत असल्यामुळे अर्धे प्रेक्षक त्या दिशेला सरकले होते. काकू लवकर येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी ताई आणि माझी बायको. बँडचे तिघे स्टेजवर चढले, साउंडवाल्याने साउंड चेकसाठी खूण केली आणि सवयीने गिटारवाल्याने, ड्रमची वाट न बघता, 'साखळी'चेच सूर छेडायला हात उचलला. साडूंनी तो अक्षरशः धरला. आई समोर बसली आहे, गाणं चेक म्हणून तिच्या कानावर पडता कामा नये. मग दुसरं काहीतरी वाजवा, गाणारा म्हणाला. तेव्हा लक्षात आलं की साउंड चेकसाठी त्यांना दुसरं काही वाजवायचं सुचतच नव्हतं. इतक्या वर्षांत आवाज तपासायचा म्हणजे हेच गाणं, एवढंच त्यांना माहीत होतं. शेवटी 'बिना चेक के ही चलो' असं ठरलं. साउंडवाल्याने हात जोडले.

व्हायचं ते झालं. पहिल्याच ठोक्याला स्पीकरने अशी किंकाळी फोडली की टोमॅटो रडायला लागला. कार्यवाह बाईंनी कानांवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, कारण मीच शब्द टाकला होता. पण हळूहळू गाणं उभं राहिलं. प्रसादाकडे निघालेली माणसं वळून थांबली. मी पडद्याशेजारी उभा होतो, तिथून काकू दिसत होत्या. 'गॅसवाला म्हणो, पोस्टमन म्हणो' आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. 'गॅलरीतून वाकू नको' आलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. साडूंची नजर ड्रमवर नव्हतीच, ती आईच्या चेहऱ्यावर होती. इतका उघडा, इतका भ्यालेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिलेला नाही.

दुसरं कडवं संपलं. तिसरं कडवं नाही हे साडूंनी सकाळीच दोघांना सांगून टाकलं होतं, तेव्हा ठरलं होतं असं, की आता 'कोण आहे' दोनदा म्हणायचं आणि ड्रमच्या जोरावर कसंबसं थांबायचं. पहिलं 'कोण आहे' झालं आणि माइक बंद पडला, स्पीकरही बंद. सगळ्या हॉलमध्ये एकदम सामसूम. गाणाऱ्याचं दुसरं 'कोण आहे' नुसत्या तोंडाने, उघड्या गळ्याने आलं, जसं एखादं पोर बंद दाराआडून विचारतं तसं.

आणि काकू पहिल्या रांगेतून, जरा त्रासूनच, म्हणाल्या, "अरे मी आहे. उघड लवकर, हात भरलेत माझे."

हॉल हसला. टाळ्याही पडल्या, लोकांना वाटलं गाण्यातच आहे. साडूंच्या काठ्या हवेत थांबल्या होत्या. सरोजिनी नगरच्या मार्केटमधून एका हातात भाजी, दुसऱ्या हातात पर्स आणि कचेरीची पिशवी घेऊन चार जिने चढून आलेली, दमलेली, घंटी वाजवायलाही हात मोकळा नसलेली ती बाई मला त्या क्षणी स्वच्छ दिसली, तर त्यांना किती दिसली असेल. ते ड्रममागून उठले. स्टेजच्या कडेपर्यंत आले, बँडमधल्या दोघांकडे पाठ उघडी टाकून. माइक नव्हताच, पण असता तरी त्यांनी वापरला नसता.

"आलो," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही काकूंना निजामुद्दीन स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. लेक न्यायला आली होती. लोणच्याच्या बरण्या साडूंनी स्वतः बांधून दिल्या होत्या. परत येताना ते माझ्या शेजारी बसले होते, पुलाच्या कोंडीत गाडी उभी होती. समोर बघत त्यांनी विचारलं, "एक सांगा. तिला आधी कुणी सांगितलं होतं का, उत्तर द्यायला?"

मी नाही म्हणालो. मग उलटतपासणीची वाट पाहिली. ती आली नाही. 'बरं' म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत बसले. माझ्या ओळखीच्या इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कुणाचं तरी म्हणणं एका शब्दावर मान्य केलं होतं, आणि तो मान मला मिळाला म्हणून मी दिवसभर हवेत होतो.

आता थंडी सुरू झाली आहे. काकू नागपूरला बऱ्या आहेत, खोकला गेला आहे. त्यांच्या खोलीत ताईने इस्त्रीचं टेबल मांडलं आहे, पण साडू तिथे कपडे ठेवू देत नाहीत. दिवाळीत गुरुग्रामच्या एका सोसायटीत बँडला बोलावणं होतं. गाणारा म्हणाला की 'साखळी' घेऊ या, शेवटचं वाक्य मी म्हणतो. साडूंनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. संशयाने नाही, अगदी हळू आवाजात. साउंड चेकला त्यांनी आता दुसरं गाणं बसवलं आहे.

राहता राहिलं एक. मी त्या दिवशी पडद्याशेजारी उभा होतो म्हणून मला ते दिसलं. माइक बंद पडला त्याच्या जराच आधी माझी बायको काकूंच्या कानाशी वाकली होती. पाणी हवं का, असं विचारलं असेल. प्रसादाची रांग लागली, उठायचं का, असं विचारलं असेल. किंवा काकू, तुम्ही उत्तर द्या, असंही म्हटलं असेल. हात भरलेत हे मात्र तिला कुठून माहीत असणार, असं मी स्वतःला समजावतो, आणि ते मला पटतंही. साडूंना हल्ली शांत झोप लागते, असं ताई सांगते. बायकोला विचारलं तर ती खरं काय ते सांगेल, ती माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणूनच मी तिला विचारलेलं नाही.